पहाटेचं इंजिन

४ डिसेंबर

आज जनरेटर बसला. ईश्वर मिस्त्रीने तो नरडाण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणला. डिझेलचं जुनं इंजिन, एका बाजूला जाड चाक, वर पाण्याची टाकी. घरामागे पत्र्याची शेड घातली आहे, तिच्यात ठेवलं. शेड जीवनच्या खिडकीला लागून आहे. दुसरीकडे जागा नव्हती.

जीवनला, माझ्या नवऱ्याला, दिवसरात्र ऑक्सिजन लागतो. पलंगाशेजारचं मशीन तो खोलीतल्या हवेतून काढतं आणि नळीने नाकाला देतं. वीज गेली की मशीन बंद. इन्व्हर्टरवर ते जेमतेम दोन तास चालतं. मग कोपऱ्यातला छोटा सिलिंडर, तोही साधारण तेवढाच. आमच्या वस्तीवर रब्बीचं पाणी भरणं सुरू झालं की वीज कधीही जाते. जळगावचे डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघाला तर पुढचं बोलू. मी हे जीवनला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.

वहीत घोळ नको म्हणून लिहून ठेवते. मशीन म्हणजे ऑक्सिजनचं. जनरेटरला इंजिन म्हणेन.

ईश्वरने भिंतीवर चेंजओव्हर लावला. खटका वर असला की खांबावरची वीज, खाली केला की इंजिनाची. दोन्ही एकदम घरात येत नाहीत आणि इंजिनाची वीज उलटी खांबावर जात नाही. शेडमागे अर्थिंगचा खड्डा केला. त्यात मीठ आणि कोळसा घातला. त्यात रोज तांब्याभर पाणी घालायचं आहे. अक्का, म्हणजे माझी सासू, वाकून बघत होती.

"आठे काय उगी?" खड्ड्यात काय उगवणार म्हणून तिने विचारलं.

जीवन आतून हसला. मग बराच वेळ खोकत राहिला.

"वहिनी, हे इंजिन म्हणजे बैल आहे," ईश्वर म्हणाला. "महिन्यातून एकदा चालवा, पण चांगला अर्धा तास. पंखे-दिवे लावून चालवा, नुसतं नको. आणि बॅटरीचा चार्जर काढायचा नाही. याला डायनामो नाही, हे स्वतःची बॅटरी भरत नाही."

दुपारच्या उन्हात बटण दाबलं. एका दमात सुरू झालं.

५ डिसेंबर

झोप लागली नाही. दुपारी सुरू झालं, पण वीज दुपारीच जाईल असं कोणी सांगितलंय? उजाडायच्या आधी शेडमध्ये गेले. पत्रा इतका गार की हात लावून लगेच काढला. बटण दाबलं. इंजिनाने दोन फेऱ्या घेतल्या आणि थांबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळी सुरू झालं. काळा धूर सरळ जीवनच्या खिडकीत गेला, म्हणून लगेच बंद केलं.

उन्हात एकदा, थंडीत तीनदा. महिन्यातून एकदा पाहणं पुरेसं नाही. रोज पाहायला हवं.

९ डिसेंबर

रोज पाहते आहे. उजाडायच्या आधी जाते, सुरू झालं की बंद करते. धुरामुळे क्षणभरच चालवता येतं. खिडकीला पोती लावली आहेत, तरी वास आत येतो.

थंडी वाढते आहे. इंजिन रोज थोडं जड होतंय. सेल्फ-स्टार्टरचा आवाज आधी खणखणीत होता, आता कोणी वजन ढकलत असावं तसा येतो. थंडीने बॅटरी मरते, असं शेजारचा अभिमन म्हणाला. त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याला कळत असेल. म्हणून आजपासून बॅटरी रात्री घरात आणते. गोधडीत गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवते आणि पहाटे शेडमध्ये नेऊन पुन्हा जोडते.

अक्का भाकरी करत होती. "मना चुल्हाजोडे हाई कोन झोपाडेल शे?"

"बॅटरी आहे, अक्का. थंडी लागते तिला."

"माले बी लागस. माले गोधडी दे ना मंग."

चार्जर शेडमध्येच आहे. बॅटरी आत असताना तो नुसताच गरम होत राहतो, म्हणून त्याची पिन काढून ठेवली. विजेच्या वस्तू विनाकारण लावून ठेवायच्या नाहीत, हे मी वर्गातल्या मुलांना सांगतेच.

१३ डिसेंबर

काल रात्री जीवनला तीन-चारदा उठवलं. ऑक्सिमीटर बोटाला लावायचा म्हणजे त्याचा हात पांघरुणातून काढावा लागतो. तो जागा होतो. आकडा ठीक होता. थोड्या वेळाने वाटलं, मघाचा ठीक होता, आताचा कुठे माहीत आहे?

सकाळी त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "प्रज्ञा, मी जिवंत आहे. मीच सांगेन तुला, नसलो तर."

आम्ही जळगावच्या कॉलेजात एका वर्गात होतो. तेव्हापासून अरे-तुरे. अक्कासमोर मात्र मी अहो म्हणते. आज तिच्यासमोर ओरडले, "तू गप्प बस." अक्काने मान खाली घातली. नंतर म्हणाली, "त्याले झोपू दे ना व. काब्र उठाडी राहिनी रोज?"

जुनी माणसं. त्यांना आकडे कळत नाहीत.

आज हात पांघरुणाखाली दाबून झोपला आहे. त्यालाही थंडी वाजत असेल.

१४ डिसेंबर

ईश्वरला फोन केला.

"रोज मारता?" तो म्हणाला.

"रोज."

"अहो वहिनी, बॅटरी आहे ती, हातपंप नाही. रोज सेल्फ मारू नका."

"मग वेळेवर सुरू होईल कशावरून?"

"होईल. मी सांगतो ना."

"त्याचा आवाज जड झालाय."

"थंडीत माझाही होतो. उद्या येतो, बघतो."

मागच्या आठवड्यातही उद्या येतो म्हणाला होता. लग्नसराई आहे, मंडपांचे जनरेटर सोडून तो इकडे कशाला येईल? रोज सुरू करू नका म्हटलं की तक्रारच येणार नाही. सोपं आहे.

१९ डिसेंबर

आज ठरवून गेले नाही.  संध्याकाळी दोनदा जाऊन सुरू केलं.

२३ डिसेंबर

दुपारी वीज गेली. पहिलीच खरी वेळ. मी शेडमध्ये धावले. बॅटरीचे स्क्रू नीट बसेनात. रोज काढून-लावून त्यांचे आटे गेले आहेत. त्यांच्यावर पांढरं काहीतरी साचलं आहे. शेवटी तार हाताने दाबून धरली आणि अक्काला बटण दाबायला सांगितलं. ठिणगी उडाली. इंजिन सुरू झालं. मी शेडच्या दारातच बसले. आत आले तेव्हा जीवन मशीनवर शांत झोपला होता. इन्व्हर्टर अजून अर्धासुद्धा उतरला नव्हता.

अभिमनची बायको मोहिनी आली. "ताई, एक वायर टाकू का? फक्त मोबाइल चार्ज करते. एक बल्ब."

मी नाही म्हणाले. लोड वाढला आणि इंजिन बसलं तर?

"बरं, ताई. भाऊंना बरं वाटू दे," ती म्हणाली आणि गेली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

वीज तासाभरात आली.

२८ डिसेंबर

जीवनला उन्हात बसायचं होतं. नळी लांब आहे, अंगणापर्यंत पोचते. अक्काने खुर्ची ठेवली. तो भिंतीला धरत धरत गेला. दाराशी दोनदा थांबला. बसल्यावर मात्र डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलं. केळीच्या बागेतून वारा येत होता. मला तो वारा आवडला नाही.

"बस ना," तो म्हणाला.

"आलेच."

बॅटरीवर ऊन पडावं म्हणून तिला ओट्यावर आणायचं होतं. आणली, झाकण पुसलं, स्क्रूंना तेल लावलं. परत आले तेव्हा ऊन पुढे सरकलं होतं आणि तो सावलीत बसला होता.

"आत जायचं?" मी विचारलं.

"जाऊ."

पूर्वी त्याच्याशी बोलायला विषय लागत नसे. तो पंधरा वर्षं जिनिंगमध्ये फिटर होता. संध्याकाळी घरी आला की केसांत, भुवयांत, कानांत कापूस. मी त्याला ओट्यावर उभं करून झटकायची. आम्ही हसायचो. तो कापूस छातीतही जात होता, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हतं.

२ जानेवारी

थंडीची लाट. धुळ्यात पारा सहावर गेल्याचं बातम्यांत सांगितलं. आमच्याकडे थंडी सातपुड्यावरून सरळ उतरते, पारा आणखी कमीच असेल. सकाळी केळीच्या पानांचे काठ काळे पडलेले दिसले.

इंजिन आज ऊन येईपर्यंत सुरू झालं नाही. मी बटण दाबत राहिले. आधी घरघर, मग नुसता टक आवाज, मग तोही नाही. दुपारी अभिमनने त्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी तारेने जोडून दिली. तेव्हा सुरू झालं. लगेच बंद केलं. माझी बॅटरी पुन्हा गोधडीत गुंडाळली.

"दम नाही राहिला तिच्यात," अभिमन म्हणाला.

"थंडीमुळे," मी म्हणाले.

तो तार गुंडाळून निघून गेला. ईश्वरला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

जीवनला चोपड्याच्या दवाखान्यात हलवावं का? विचारलं. पावसाळ्यात तो अकरा दिवस आयसीयूत होता. म्हणाला, "पुन्हा तिथे नाही. इथे जे होईल ते होऊ दे." मी विषय बदलला. इंजिनाचा काढला.

६ जानेवारी

दुपारी डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होत्या. मोठा आवाज झाला, तेल उडालं, वास अजून येतो आहे. सबस्टेशनला फोन केला, दोन-तीन दिवस लागतील म्हणाले. दरवर्षीचंच आहे. इथे कोणी वाट पाहत बसत नाही. जळालेली डीपी ट्रॅक्टरवर घालून गावकरीच जळगावला नेतात, बदलून आणतात आणि स्वतःच बसवतात.

पुन्हा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर इंजिन सुरू करून घेतलं. मग अभिमनच्या दारात गेले.

"आजच जा," मी म्हणाले.

"ताई, सकाळी निघतो ना. गार वाऱ्यात उघड्या ट्रॅक्टरवर—"

"आजच जा. तुमच्या पाया पडते."

मी खरंच वाकले. मोहिनीने मला धरलं. अभिमन चार माणसं गोळा करून दिवस मावळायच्या आत निघाला. घोंगड्या पांघरून बसले होते सगळे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

इंजिन चालू आहे. वारा पलटला आहे, धूर केळीकडे जातो आहे. मी शेडच्या दारात बसून लिहिते आहे. या आवाजाखेरीज काहीच ऐकू येत नाही. तो थांबू नये, एवढंच.

७ जानेवारी

दुपार. जीवन झोपला आहे. मी सकाळपासूनचं सगळं लिहून काढते.

मला झोप लागली. महिनाभर लागली नाही आणि काल लागली, शेडच्या दारातच, भिंतीला टेकून. रात्री दोनदा टाकीत डिझेल भरलं होतं. तिसऱ्यांदा भरायचं राहिलं. जाग आली ती थंडीने. आजूबाजूला सगळं शांत होतं. आत जीवनचं मशीन सलग शिटी देत होतं. टाकी कोरडी पडून इंजिन कधी थांबलं कोण जाणे. घर इन्व्हर्टरवर गेलं होतं आणि इन्व्हर्टरही आता संपला होता.

अक्काने मशीनची नळी काढून सिलिंडरला लावली होती. माझ्यामागे उभी राहून शिकली असेल. मी तिला कधी शिकवलं नाही.

डिझेल ओतलं. बटण दाबलं. काहीच नाही. टक आवाजसुद्धा नाही. ट्रॅक्टर असता तर त्याची बॅटरी लावली असती. ट्रॅक्टर मीच पाठवला होता.

मी दाबत राहिले. अंगठा बधिर झाला तरी दाबत राहिले. आतून जीवनने हाक मारली. आवाज कसला, नुसती हवा. मी खिडकीचं पोतं ओढून काढलं.

"हँडल," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "हँडल आहे ना त्याला. आधी... डिझेलच्या नळीचा बोल्ट सैल कर. अडकलेली हवा निघेल, फेस येईल. फेस संपला की आवळ."

फेस आला. संपला. आवळला. हँडल चाकात बसवलं आणि ओढलं. अर्धा फेरा. इंजिन लोखंडाच्या गोळ्यासारखं आवळून बसलं होतं.

अक्का मागे येऊन उभी राहिली होती. "आते मी सांगस ते आयक. तुना सासरा मालकना इहिरवर इंजिन चालाडे. हिवायामा टाकीमातलं पानी सोडी दे आनि ऊन पानी टाके. तवय तो राक्षस हाले."

"ऊन पाणी कुठून आणू आता एवढं?"

"बठ्ठास्ना घर बंब पेटेल शे."

पहाटेचे सगळ्यांचे बंब पेटले होते. ती गल्लीत गेली. मी तिचा आवाज ऐकला, दारोदार. या घरांना मी साधी एक वायर दिली नव्हती. मला वाटलं, कोणी येणार नाही.

आधी मोहिनी आली, दोन्ही हातांत बादल्या, पदर खोचलेला. मग शेजारची ललिता, मग आणखी दोघी-तिघी. सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी. शेडमध्ये वाफ भरली.

"साबण आणू का गं?" ललिता म्हणाली.

"उटणं आण," मोहिनी म्हणाली. "जावयाला उठवायचंय."

त्या हसत होत्या. मला रडू येत होतं, पण वेळ नव्हता. अक्का प्रत्येक बादलीला ओरडायची, "हाऊ, हाऊ! एकदम नको वत, फुटी जाई." टाकीखालून गार पाणी वाहत होतं, वरून ऊन पडत होतं. मी इंजिनाच्या अंगाला हात लावून बघत होते. गार. गार. मग कोमट. मग हात ठेववेना.

वरचा एक खटका दाबून धरला की चाक हलकं फिरतं आणि वेग आल्यावर तो सोडायचा, हे जीवनने खिडकीतून सांगितलं. एका वेळी दोन शब्द. अक्काने खटका धरला. हँडलवर मी आणि मोहिनी. चाक फिरलं. "सोड!" मोहिनी ओरडली. अक्काने जरा लवकर सोडला. हँडल उलटं आलं आणि माझ्या मनगटावर बसलं. पुन्हा. मनगट सुजलं आहे, लिहायला त्रास होतो. पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी इंजिनाने एक ढेकर दिल्यासारखा आवाज केला, पांढरा धूर सोडला आणि धडधडू लागलं.

चेंजओव्हर खाली केला. आत मशीन सुरू झालं. इंजिनावर लोड नको म्हणून इन्व्हर्टर बंदच ठेवला. सिलिंडरचा काटा तळाला टेकला होता.

बायका रिकाम्या बादल्या घेऊन गेल्या. आज कोणाच्या घरी अंघोळी झाल्या नसतील. मी मोहिनीला म्हणाले, वायर टाक. ती म्हणाली, "आता कशाला, ताई, ट्रॅक्टर निघालाय जळगावहून."

ट्रॅक्टर उन्हं चढल्यावर आला. डीपी नवी नव्हती, दुरुस्त केलेली होती. साखळीने वर चढवून बसवली. वरच्या मोठ्या लाइनची वीज सबस्टेशनला सांगून आधीच बंद करून घेतली होती. आता तारा जोडायला कोणीतरी खांबावर चढायचं होतं. अभिमन चढतो. तो खांबाकडे न जाता आमच्या दारात आला.

"ताई, इंजिन बंद करा."

मी म्हणाले, "चेंजओव्हर आहे. माझी वीज खांबावर जात नाही. या, बघा."

"असेल."

"घराची वायरच काढून टाकते. मशीन थेट इंजिनाला जोडते. मग तर झालं?"

त्याने मान हलवली. तीन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ वना याच खांबावर होता. खालच्या कोणाकडे तरी लग्नाचा जनरेटर चालू होता, खटका वगैरे काही न लावता जोडलेला. त्यांनीही सांगितलं होतं, वायर काढली आहे म्हणून. ती वीज उलटी आली आणि वना खांबावरच गेला. तेव्हापासून वस्तीत कुठेही इंजिनाचा आवाज येत असला तर खांबावर कोणी चढत नाही. हे मला माहीत होतं. आज ते माझ्या दारात येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

"आवाज उना का मना हात चालतस नही," अभिमन म्हणाला. त्याने हात पुढे केले. बोटं मिटेनात. रात्रभर ट्रॅक्टरवर बसून आला होता, तरी मला कळलं, हे थंडीचं नाही.

"सिलिंडर संपलाय, अभिमनभाऊ. इन्व्हर्टर संपलाय. मी हे बंद केलं आणि पुन्हा सुरू झालं नाही तर?"

 तो खांबाखाली जाऊन बसला. "तुम्ही सांगाल तेव्हा चढतो," म्हणाला. बाकीचे चौघेही बसले. बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या.  इंजिन धडधडत होतं. डिझेलचा कॅन मी हलवून पाहिला. तळाशी थोडं होतं. चोपड्याहून कोणी आणेपर्यंत पुरलं असतं किंवा नसतं.

मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. मनात हिशोब करत होते. अभिमन संध्याकाळपर्यंत बसला तर? दुसरा कोणी चढला तर? मी खोटं बोलले, बंद केलं म्हणाले आणि—पण आवाज कसा लपवणार?

जीवनने हाक मारली.

"काय झालं?"

मी सांगितलं.

"कोण चढणार?"

"अभिमन."

"बंद कर."

"जीवन, पुन्हा सुरू नाही झालं तर?"

"नाही झालं तर नाही झालं." त्याने श्वास घेतला. "माणूस वर चढणार आहे, प्रज्ञा. बंद कर आणि इकडे ये."

मी अक्काकडे पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता.  

शेडमध्ये गेले. इंजिन बंद करायला एक छोटी दांडी ओढून धरावी लागते, डिझेल तुटेपर्यंत. महिनाभर रोज ओढली होती, क्षणात सुटायची. आज ती धरून मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. मग ओढली. धडधड हळू झाली, एक-एक ठोका वेगळा झाला, चाक एकदा मागे सरकलं आणि थांबलं. चेंजओव्हर वर केला.

मशीनने शिटी दिली. अक्काने तिचं बटण बंद केलं.

मी आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. जीवनने माझा हात धरला, सुजलेल्या मनगटाच्या खाली. ऑक्सिमीटर उशीजवळ होता. तो काढायला मला हात सोडवावा लागला असता. त्याच्या ओठांवर निळसर छाया यायला लागली होती. तो माझ्याकडे पाहत होता.

"चढला?" त्याने ओठांनीच विचारलं.

मी खिडकीतून पाहिलं. "चढतोय."

अभिमन वर गेला. खालून कोणी "सावकाश रे" म्हणालं, तेवढंच. मग गप्प. ना इंजिन, ना मशीन, ना कोणाची मोटार. केळीची फाटकी पानं हलत होती, ती ऐकू आली. लांब कुठेतरी बकरी ओरडली. आणि मग मला जीवनचा श्वास ऐकू आला.

आत जाताना बारीक शीळ. मध्ये थांबा. बाहेर येताना कोरडं काहीतरी घासल्यासारखं, शेवटी एक लहानशी टक. पुन्हा शीळ. पावसाळ्यापासून तो मशीनशेजारी झोपतो आहे आणि त्या घरघरीत हे मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. लहान मुलाने दोन्ही हातांनी जड बादली ओढत न्यावी, तसा होता तो श्वास. थांबत होता. पुन्हा उचलत होता. मी कान त्याच्या छातीजवळ नेला. त्याने माझ्या केसांवर हात ठेवला. अक्का पायथ्याशी येऊन बसली. 

बाहेरून अभिमन ओरडला, "उतरनू! टाका फ्यूज!"

लाइट आली. मशीन घरघरायला लागलं आणि त्याचा श्वास पुन्हा ऐकू येईनासा झाला.